फ्रीजरमधली पारी

दादरच्या त्या दुकानात मी अ‍ॅपल पायचं भांडं उचललं आणि त्याचा तळ ठण्णकन खाली पडला. अख्ख्या दुकानाने वळून पाहिलं असं मला वाटलं. खरं तर एकानेच पाहिलं होतं.

मी जन्माची भित्री. लिफ्टला घाबरते, अनोळखी नंबरला घाबरते आणि कुणाला नाही म्हणायला तर सगळ्यात जास्त. ऑफिसात दिवाळीच्या जेवणाला कोण काय आणणार हे ठरत होतं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अक्षदा अ‍ॅपल पाय आणेल. मी मान डोलावली. जन्मात कधी केला नव्हता, आणि आता भांडंही मोडून बसले होते. तो तळ मी गुपचूप मागच्या डब्यांआड सरकवू लागले, तेवढ्यात तो पाहणारा जवळ आला.

"मोडलं नाहीये ते," तो म्हणाला. "तळ सुटाच असतो."

त्याचं नाव अनिश. क्रूझ जहाजावर बेकर होता, सुट्टीवर आला होता. वरची पारी कशी करणार, असं त्याने विचारलं. मग मीही जोरात सांगितलं, आमच्या लालबागला करंजीची करतात तशीच. मैदा, चिमूटभर मीठ आणि कडकडीत तुपाचं मोहन. कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे त्याने डोळे मिटले. त्याची बहीण प्रिती दादरलाच हिंदमाता सिनेमाच्या मागे बेकिंगचे क्लास घेते, रविवारी तिथे ये, म्हणाला. मोहन तेवढं घरी ठेवून ये.

जिन्यावरून दोनदा परत फिरून शेवटी मी गेले. प्रिती बाहेरच्या खोलीत केक सजवत होती, आत ओट्याशी आम्ही दोघं. त्याने सगळं समजावलं. करंजीला तूप कडकडीत लागतं, इथे लोणी बर्फासारखं हवं. फ्रीजरमधली लोण्याची वडी किसणीवर किसायची, बोटांच्या टोकांनी मैद्यात मिसळायची, बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घालायचं. गोळा जेमतेम जमला की थांबायचं, मळत बसायचं नाही. मग त्याला फ्रीजमध्ये आराम द्यायचा. लोण्याचे कण अख्खे राहिले की ओव्हनमध्ये पापुद्रे सुटतात. इतकं सोपं की चुकायला जागाच नाही, असं तो म्हणाला.

मी जागा शोधली. माझे तळहात कायम गरम. लहानपणी ताप आला की काय म्हणून आई सारखी हात लावून बघायची. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. लोणी विरघळलं आणि पारी कौलासारखी कडक झाली. अनिशने एक तुकडा चावला, थांबला, आणि दुसरा घेतला.

"लादी बसवायला चालेल."

"मग खातोयस कशाला?"

"तू बघतेयस ना... म्हणून."

पुढचे रविवारही तसेच गेले. तो माझी बोटं बर्फाच्या पाण्यात धरायचा, पण त्याने हात धरला की ते आणखीच तापायचे. आता मला एक नवीच भीती वाटायला लागली होती. पारी जमली, तर इथे यायला कारण काय उरणार?

दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी प्रिती दारातून सहज म्हणाली, अनिशला कंपनीचा फोन आला, गुरुवारी निघायचंय. मी "हो का?" एवढंच म्हटलं आणि मैद्यात बोटं घातली. आमच्या मजल्यावरचा अजित असाच जहाजावर गेला आणि त्याने तिकडूनच लग्नाचे फोटो पाठवले. त्याच्यासाठी थांबलेली मुलगी अजून आमच्या समोरच राहते. मी पाणी घातलं, गोळा केला, लाटला, मान वर केली नाही.

त्या दिवशी पारी ओव्हनमधून बाहेर आली ती पापुद्रा पापुद्रा सुटलेली. अनिशने कडेचा तुकडा मोडला, तर तो बोटांतच भुगा झाला. मग त्याने माझा हात हातात घेतला आणि तो दचकला.

"एवढे गार? बर्फात घातले होतेस?"

'काही नाही' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. आयुष्यभर मी तेच म्हणत आले होते. बाहेर प्रितीचा मिक्सर सुरू होता.

"घाबरलेय मी," मी म्हटलं.

"आता कशाला? जमलं की."

"तू जाशील... आणि माझं सांगायचं राहून जाईल, म्हणून. तू आवडतोस मला, अनिश."

बाहेरचा मिक्सर थांबला. आता जिन्याकडे पळावं की ओट्याखाली शिरावं, असं मला झालं. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "तुझे हात एवढे काही गरम नाहीत. तू यायच्या आधी मी लोणी बाहेर काढून ठेवायचो."

"काय?"

"पारी जमली की तू यायची थांबशील... अशी भीती वाटायची. आज नाही काढलं. जायच्या आधी तुला एकदा तरी जमायला हवं होतं."

"एवढे रविवार मी लाद्या खाल्ल्या!"

"मीही खाल्ल्या ना," तो म्हणाला, आणि हात काही सोडला नाही.

ऑफिसच्या पायसाठी एक पारी झालीच होती, पण जाण्याआधी त्याने माझ्याकडून आणखी एक लाटून घेतली आणि नीट गुंडाळून दिली. फ्रीजरमध्ये होळीपर्यंत राहील, आलो की दोघं मिळून भाजू, म्हणाला. परवा आई बांगडे ठेवायला जागा करत होती, तेव्हा ती तिच्या हाताला लागली. हे काय गं, किती दिवस ठेवायचं, असं तिने विचारलं. राहू दे, मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि बांगडे खालच्या खणात ठेवले.

लिफ्टला मी अजून घाबरते. अनोळखी नंबरला मात्र नाही, कारण अनिश प्रत्येक बंदरावरून वेगळ्याच नंबरने फोन करतो. पण आमच्या बिल्डिंगची लाइट गेली की सगळे पंख्याकडे बघतात, आणि मी धावत जाऊन फ्रीजरचं दार दोन्ही हातांनी दाबून धरते.