सतरा डावांतली कोरी वाट

रविवारी भर दुपारी, सोलापूरची कुत्रीसुद्धा सावली धरून मेल्यासारखी पडलेली असताना, सिद्धलिंग ट्रेसिंग पेपर आणायला बाहेर पडला. बायकोनं, नागव्वानं, डोक्याला टॉवेल गुंडाळायला लावला. आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला मोबाइलवरच्या खेळासाठी कागद लागतो कशाला, हेही विचारून घेतलं. उत्तर द्यायचाही त्याला कंटाळा आला होता. एकाच खेळात माणूस सतरा वेळा हरला की असं होतं.

खेळ चौघांचा. आपापल्या घरी बसायचं, कानात हेडफोन घालायचे आणि एकत्र खेळायचं. पडद्यावर एक ओसाड गाव. या वेशीतून शिरायचं, त्या वेशीतून जिवंत बाहेर पडायचं. अंधारात काय काय दबा धरून बसलेलं. चौघांतला एक जरी मेला तरी मोहीम फसली, सगळे परत पहिल्या वेशीत. सिद्धलिंगच्या तुकडीत अकलूजच्या डेअरीतला कॉलेजमित्र हिंदुराव, दुधनीत किराणा दुकान चालवणारी मावसबहीण महेश्वरी, आणि करकंबला राहणारा सख्खा धाकटा भाऊ प्रभू.

प्रभूसाठीच तर सगळी उठाठेव. तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले तेव्हा प्रभू ट्रक घेऊन गुजरातेत होता. त्याला यायला दुसरा दिवस उजाडणार होता. सिद्धलिंग थांबला नाही. भावाविना वडलांना माती दिली. त्यानंतर प्रभूनं या घराचा उंबरा ओलांडला नाही, की फोन उचलला नाही. महेश्वरीनं खटपट करून दोघांना खेळात ओढलं, म्हणून आठवड्यातून एक तास भाऊ भावाशी बोलायचा. तेही डावीकडं बघ, गोळ्या संपल्या, एवढंच. पण आवाज कानावर पडायचा. आणि मागच्या रविवारी प्रभूनं सांगून टाकलं होतं, की अण्णा, दमलो आता. पुढच्या खेपेला पण हरलो तर मी हे काढून टाकणार.

सिद्धलिंग चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचा. चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे एक धागा; त्यावरून जकार्डचे पुठ्ठे टोचायचे आणि मागानं तसा मोर विणायचा. तीस वर्षांत एक गोष्ट त्याच्या अंगात मुरली होती. एका चादरीत खोट निघाली तर माग बघायचा. दहा चादरींत त्याच जागी निघाली, तर मागाला शिव्या न देता पुठ्ठा काढून बघायचा.

डाव संपला की कोण कुठून चाललं याचा नकाशा खेळ दाखवायचा. सतराही नकाशे त्यानं जपून ठेवले होते. घरी येऊन त्यानं एका डावाला एक कागद घेतला, चौघांना चार रंग दिले, आणि सगळ्यांची चाल गिरवली. मग सतराही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला, उन्हात धरले.

सगळं गाव रेघांनी बरबटलेलं होतं. फक्त मधून एक पट्टा कोरा होता. एक माणूस चालेल एवढाच रुंद. पहिल्या वेशीतून निघून, विहिरीला वळसा घालून, चावडीपुढून थेट दुसऱ्या वेशीपर्यंत. सतरा डावांत चार माणसांपैकी एकानंही त्याच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आडवा आला तिथं प्रत्येकानं उडी मारली होती. आणि सतराही मरणं त्या पट्ट्याच्या काठाला होती, एक पाऊल बाजूला.

त्यानं हिंदुरावला फोन लावून विचारलं, विहिरीपाशी दर वेळी उजवीकडं का सरतोस? हिंदुराव जांभई देत म्हणाला, "आता मलाच विचार. तूच वरडतो की, बाजूला हो म्हणून."

सिद्धलिंग असं कधीच म्हणाला नव्हता. महेश्वरीनंही तेच सांगितलं. वर म्हणाली, मला तर तू कानडीत सांगतोस.

तीन वाजता चौघे वेशीत जमले. हिंदुरावच्या मागं दुधाचे कॅन आदळत होते, महेश्वरीच्या दुकानात कुणीतरी साबण मागत होतं, प्रभूचा पंखा खडखडत होता. सिद्धलिंगनं पट्टा समजावून सांगितला. एकामागं एक चालायचं, कुणी काहीही म्हटलं तरी सरायचं नाही. पुढं कोण, असं त्यानं विचारलं. मग प्रभू म्हणाला, मी जातो. मला तरी कुठं कुणाची वाट बघायचीय. टोमणा बसायचा तिथं बसला.

ते चालू लागले. अंधारातून काहीही अंगावर आलं नाही. विहीर आली, गेली. तेव्हा सिद्धलिंगच्या ध्यानात आलं, की कॅन वाजायचे थांबलेत. दुकानही गप्प. खोलीतल्या कूलरच्या वाऱ्याला गवताचा वास असायचा, तो जाऊन ताज्या खणलेल्या मातीचा येत होता.

"अण्णा," प्रभू हळूच म्हणाला, "बाजूला हो म्हनू नगंस की."

"मी काही बोललो नाही."

"मागनं म्हनतंय… तुजाच आवाज हाय. जरा दमल्यागत."

सिद्धलिंगनं पडदा पाहिला. प्रभूच्या मागं तो स्वतःच होता, आणि दोघांच्या मधे रिकामी जमीन. मागं फिर म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मागं फिरणं म्हणजे हरणं, आणि हरलो की प्रभू गेला.

"चालत राहा," तो म्हणाला.

"लई जवळ आलंय अण्णा… मी न्हाई सरलो तर ते माज्यातनंच जाईल…"

"चालत राहा, प्रभू."

एक श्वास ऐकू आला. लांबलचक, जड पोतं खाली टेकवल्यावर निघतो तसा. मग कितीतरी वेळ फक्त पावलं. दुसरी वेस आली आणि पडद्यावर चौघांची नावं झळकली. अठराव्या खेपेला ते जिंकले होते.

"अण्णा," प्रभू म्हणाला, तक्रारीचा सूर नाही, काही नाही. "घरी येतो."

गुरुवारी दुपारी तो खरंच आला. दारात उभा, चेहरा उन्हानं उतरलेला. सिद्धलिंग मागं सरला आणि म्हणाला, ये.

प्रभू लगेच आत आला नाही. एका हातानं दार धरून तो कडेला उभा राहिला, थकलेल्या माणसाला उंबरा ओलांडायला लागतो तेवढा वेळ. मग स्वतः आला आणि दार अलगद लोटून घेतलं.

नागव्वा पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली. दिराला बघून तिचा चेहरा फुलला, ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर त्याच्या शेजारी गेली. तिनं मान खाली घातली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढं ओढला, आणि पाठ न दाखवता एक एक पाऊल मागं सरत दुसरा पेला आणायला आत गेली.

धाकट्या दिरासमोर ती कधीच पदर घेत नसे. घ्यायची ती फक्त अप्पांसमोर.