गवताची पाखरं

आमच्या सासूबाई भयंकर हट्टी! पाखराने भाताला चोच लावल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. मालेगाव सोडून मिशिगनला, आमच्या ट्रॉयच्या घरी आल्या, तरी तो सुटला नाही. घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर मूठभर भात ठेवायच्या आणि काचेआड ताट वाढून वाट बघत बसायच्या.

ब्याऐंशी साली त्याचं काही वाटायचं नाही. मागे गवताचं मोठं रान होतं. भात ठेवायचा अवकाश, चिमण्यांची झुंबड उडायची. पिवळ्या छातीची मेडोलार्क कुंपणावर बसून गायची. मग रान विकलं गेलं, घरं उठली, लॉनवर औषधं फवारायला लागले. पाखरं दरवर्षी कमी होत गेली.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात आई संध्याकाळपर्यंत उपाशी राहायला लागल्या. कधी रात्रीही तशाच झोपायच्या. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले.

"अहो, पुरे आता! जीव जाईल तुमचा," मी एकदा चिडून ओरडलेच.

"पाखरं कुठं गेली ते शोध ना मग. तू इंजिनिअर आहेस, दीपा."

मी गाड्यांचे आवाज मोजते. पाखरं कुठून आणू?

तोडगा माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, काढला. "आई, पिंडाला कावळा शिवला नाही तर आपण दर्भाचा करतो ना? तसं कर."

"ते मेलेल्यांसाठी असतं रे," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला उरलेलं रानातलं वाळकं गवत घेऊन आल्या.

काय ती बोटं हो! बघता बघता चिमणी झाली, मान तिरकी करून बसलेली. मग मेडोलार्क, छातीवरच्या काळ्या पट्ट्यासकट. उरलेलं टोक अंगठ्याने हळूच पोटात खोचायचं, की झालं पाखरू. मी तोंडात बोटच घातलं. आईंनी चिमणीची चोच भाताला लावली आणि पोटभर जेवल्या. मला रडूच आलं.

हळूहळू कठड्यावर पाखरांची रांग लागली. आणि भात संपायला लागला.

मी म्हटलं, खार असेल. पण कठड्यावरच्या ताज्या बर्फावर एक ओरखडा नव्हता. ऑफिसातून आवाज मोजायचा मीटर आणून ठेवला. डेकवर कोणी नसताना काटा थरथरत होता, बारीक टकटक होत असल्यासारखा. मीटर बिघडलाय म्हणून परत नेला.

आई मात्र खुशीत होत्या. गुणगुणायच्या. ताटात घेतलेलं तसंच राहायला लागलं. "पाखरं जेवली की माझं पोट भरतं गं," म्हणायच्या.

शनिवारी दुपारी त्या डेकवर शाल पांघरून बसल्या होत्या. ताटातल्या भाताला बोटही लागलेलं नव्हतं.

"आई, आत चला. गारठाल."

वाटेतलं मेडोलार्कचं गवती पाखरू मी उचलून बाजूला ठेवायला गेले.

ते कोमट होतं.

आत काहीतरी धडधडत होतं.

मी ते खाली ठेवलं आणि आईंचा हात धरला. हात हलका, कोरडा. दाबला तशी बोटं करकरली.

"काय गं?" त्या हसल्या.

मनगटापाशी, कातडीतून, गवताचं एक टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि अंगठ्याने हळूच आत खोचलं.