लालीचं दावं

जुन्या मोटारींचा बाजार बसला की आधी फोनवरची भाषा बदलते. "आजच निघतो" म्हणणारे "बघू" म्हणायला लागतात. करोना ओसरल्यावर नागपूर-रायपूरच्या हौशी लोकांना जुन्या स्पोर्ट्स कारचं असं काही वेड लागलं होतं, की भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेवरच्या माझ्या टिनाच्या शेडमध्ये गाडी उतरायच्या आधीच तिचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. मग फिटनेसचे नियम कडक झाले, सुटे भाग मिळेनासे झाले, रॅल्या बंद पडल्या आणि लोकांची हौस फिटली. दोन दारांच्या त्या बुटक्या, देखण्या गाड्या शेडमध्ये धूळ खात उभ्या राहिल्या. मी मात्र घेतच होतो. सवय, दुसरं काय. माझा मेकॅनिक कैलाश म्हणायचा, "लिलाधरभाऊ, तुमी धंदा नाही करून राहिले. गोरक्षण चालवून राहिले."

अशा दिवसांत दामिनीताईंचा फोन आला. माहेर आंबागडचं, दिलेल्या एकोडीला. म्हणाल्या, "बाबाजवळ एक लाल गाडी आहे. या आन् घेऊन जा. भाव तुमीच लावा." असं बोलणाऱ्या माणसाकडे जायला मला नेहमी जरा भीती वाटते. तरी गेलो.

किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर, घरामागे गोठा. बैल कधीच गेलेले. गव्हाणीकडे तोंड करून उभी होती एक विलायती, उघडी, दोन माणसांची गाडी. रंग उडालेला, पण पत्रा शाबूत. मॅंगनीजच्या खाणीवरचा एक साहेब कायमचा मायदेशी जाताना ती आपल्या ड्रायव्हरला देऊन गेला होता. तो ड्रायव्हर म्हणजे दामिनीताईंचे बाबा, धनीराम. तिचं विलायती नाव गावात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे तिला लाली म्हणत.

मी गेलो तेव्हा धनीरामबाबा तिच्यातच बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, स्वच्छ धोतर, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"माय गेल्यापासून असेच बसतात," दामिनीताई हळूच म्हणाल्या. "जेवाचं ताट बी इथंच आनून द्या लागते. एकोडीले चाला म्हनलं तं म्हनतात, लालीले कोन पाहीन? एकटा माणूस, पडलाबिडला तं कोन उचलन? लाली गेली का येतील ते माझ्यासंगं. मले गाडीचे पैसे नाही पाहिजे, भाऊ. मले माहे बाबा पाहिजे."

मला वाटलं होतं तसं म्हाताऱ्याला समजवावं लागलं नाही. मी बोललो, त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली उतरले. मग खुंटीवरचं बैलाचं जुनं दावं काढून त्यांनी लालीच्या पुढच्या बंपरला बांधलं. गाठ पक्की आहे का ते ओढून पाहिलं.

"बाबा, दावं नसते देत!" दामिनीताई एकदम बोलल्या.

मीही शेतकऱ्याच्या घरचा. बैल विकला तरी दावं घरीच ठेवायचं असतं. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं. दिलंच, तर त्याच्यामागं घरातलं काय निघून जाईल याचा नेम नसतो, असं म्हणतात. माझा यावर विश्वास नाही. पण माझ्या वडिलांनी विकलेल्या एकूण एक बैलाचं दावं आमच्या घरी खुंटीला होतं, हेही खरं.

"मी इकून नाही राहिलो," म्हातारा म्हणाला. "धाडून राहिलो. राहू द्या तिच्या गळ्यात."

कैलाशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? त्या क्षणी मला ते चांगुलपणाचं वाटलं. आज वाटतं, तिथल्या तिथं गाठ सोडून खुंटीला टांगलं असतं तर फार बरं झालं असतं.

कैलाशनं लालीवर जीव ओतला. रंग, टायर, सीटचा फोम, सगळं नवं. इंजिन तर पहिल्याच दिवशी चालू झालं. दावं त्यानं सोडलं नाही. वेटोळं करून बॉनेटवर ठेवायचा. फोटोत ते उठून दिसायचं, आणि बसलेल्या बाजारात फोटोच काय तो आपला सोबती.

एके सकाळी कैलाश म्हणाला, "भाऊ, दावं कोन काढते खाली?"

ते जमिनीवर सरळ पडलं होतं. एक टोक बंपरला, दुसरं पूर्वेकडच्या भिंतीला टेकलेलं. मांजर असेल म्हणून मी वेटोळं करून परत वर ठेवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. नंतर रोजच. गाडीला गावाची ओढ लागली म्हणावं, तर आंबागड उत्तरेला. आम्ही त्यावर दोनचार विनोद केले आणि विषय सोडून दिला.

मग सीटचं लक्षात आलं. फोम नवा, कोणी बसलेलं नाही, तरी बाजूच्या सीटला खोलगा पडायला लागला. कैलाशनं ती उसवून पुन्हा भरली. पुन्हा पडला. "माल हलका लागला असन," तो म्हणाला. पण हे बोलताना तो सीटकडे पाहत नव्हता.

नागपूरचे एक डॉक्टर गाडी बघायला आले. एकटेच चक्कर मारून परतले ते खुशीत. "गाडी छान आहे. पण घेणार पुढच्या वर्षी. भाव अजून उतरतील." जाता जाता म्हणाले, "तुमचे म्हातारबुवा मात्र जाणकार हो. दुसरा गिअर टाकताना मनातल्या मनात 'चाल बाई' म्हणायचं, तेवढा वेळ थांबायचं, म्हणे. खरंच, अजिबात खरखर झाली नाही."

"कोण म्हातारबुवा?"

"बाजूला बसले होते ते." डॉक्टरांनी वळून शेडमध्ये पाहिलं. "आत गेले वाटतं."

शेडमध्ये कैलाश आणि मी सोडून कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी दामिनीताईंचा फोन आला. लाली नेली त्याच आठवड्यात बाबा एकोडीला आले होते, मुकाट्यानं, एकही शब्द न बोलता. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की एकोडी आमच्या शेडच्या बरोबर पूर्वेला पडते.

"आले, पन आले नाही," त्या म्हणाल्या. "जेवते, झोपते. हाक मारली तं वळून पाहत नाही. मले वळखत नाही, भाऊ. आज दुपारी दार लावून खोलीत बसले होते. पाहतो तं केस मागं उडालेले, डोळे धुळीनं लाल. मंग म्हनते कसे, 'चाल बाई.' कोनाले म्हनलं असन?"

मला डॉक्टरांचे म्हातारबुवा आठवले.

"ते दावं आनून द्या," त्या म्हणाल्या. "दावं घरी आलं का बाबा बी येतील."

"उद्याच आणतो," मी म्हटलं.

आणि नेलं नाही. एक दिवस रायपूरच्या गिऱ्हाइकाचा फोन होता. एक दिवस पावती करायची होती. एक दिवस उगीचच. खरं सांगायचं तर मला एकोडीला जायची हिंमत होत नव्हती. गाठ सोडायला हात लावला की दाव्याला आतून धग जाणवायची, जनावराच्या गळ्यातून नुकतंच काढल्यासारखी. मी हात मागे घ्यायचो. दामिनीताईंनी नंतर फोन केला नाही. त्या वाट पाहत होत्या.

रायपूरचे गिऱ्हाईक भैय्यालालजी. मूळचे गोंदियाचे, आता रायपूरला लग्नाचं लॉन चालवतात. नवरदेवाला मिरवायला लाली त्यांना पसंत पडली. पडत्या बाजारात इतका सरळ माणूस सापडत नाही. गाडी स्वतः चालवत नेणार म्हणाले. त्यांनी न्यायच्या दिवशी सकाळी मात्र मी मन घट्ट केलं, गाठ सोडली, दावं पिशवीत टाकलं आणि गाडी कैलाशवर सोपवून मोटरसायकलनं एकोडीला निघालो.

अंगणात भाताच्या तणशीचा ढीग होता आणि बाबा उन्हात खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या पाहण्यात मी कुठं नव्हतो. मी दावं त्यांच्या हातात दिलं.

बोटं मिटली. नजर हळूहळू जागेवर आली. त्यांनी अंगण पाहिलं, तणीस पाहिली, दारात उभी असलेली लेक पाहिली.

"दामे," ते म्हणाले, "किती वाळली वं तू!"

दामिनीताई हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. त्यांनी बाबांचं डोकं पोटाशी धरलं. मला वाटलं, जमलं. उशिरा का होईना, जमलं.

"चा मांड," बाबा म्हणाले. दामिनीताई चुलीवर चहा ठेवून आल्या, तेवढ्यात बाबांनी मला विचारलं, "लाली कुठी आहे?"

"विकली, बाबा. चांगल्या घरी. रायपूरला चाललीय."

त्यांच्या पायाशी पडलेलं दाव्याचं दुसरं टोक हललं.

ते जमिनीवरून उचललं गेलं. हवेतच ताठ झालं. त्या टोकाला काहीच नव्हतं. दावं भंडाऱ्याच्या दिशेला रोखलेलं होतं.

मग ते वळायला लागलं.

अगदी सावकाश. भंडाऱ्याकडून लाखनीकडे. लाखनीकडून साकोलीकडे. हायवेवर गाडी ज्या चालीनं जाते, त्या चालीनं.

"बाबा, धरून ठेवा!" दामिनीताई ओरडल्या. त्यांनीही दोन्ही हातांनी दावं धरलं. मी धावलो, धरलं. धग तीच. ओढ मात्र अशी की खाट आमच्यासकट कुरकुरत पुढे सरकली.

"दामे," बाबा म्हणाले, "हात दुखते वं."

दाव्यावरून रक्त ओघळत होतं. म्हातारा सोडत नव्हता. लेक "धरा" म्हणाली होती ना.

दामिनीताईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग दावं सोडून त्यांनी बाबांची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं.

दावं खाली पडलं. साधं, जुनं, विटलेलं दावं.

बाबा खाटेवर तसेच बसून होते. चेहरा शांत. डोळे साकोलीच्याही पुढं, देवरीकडे लागलेले. दामिनीताईंनी पुन्हा पुन्हा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. चहा चुलीवर आटून करपला, त्याचा वास आला. कालच आणलं असतं तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

फोन वाजला. भैय्यालालजी. मी स्पीकर लावला.

"भाऊ, गाडी झकास आहे! साकोलीपर्यंत जरा जड वाटून राहिली होती. मंग एकदम हलकी झाली. आता देवरीच्या पुढं आलो." मागे इंजिनचा आवाज येत होता आणि पाण्याची सरसर. "एक इचाराचं राहिलं. हे बाबा संगं आहेत, त्यायले कुठी उतरवून देऊ? इचारलं तं नुसते हसते. इकडं अवकाळी पाऊस सुरू झाला. हूड लावतो म्हनलं तं नाही म्हनते."

मी दामिनीताईंकडे पाहिलं.

"त्यायले म्हना, हूड लावा," त्या म्हणाल्या. "बाबाले सर्दी लवकर होते."

मी तसं सांगितलं. फोन ठेवून पाहिलं, तर अंगणात कडक ऊन होतं. दामिनीताई खाटेजवळ उभ्या राहून पदरानं बाबांचं डोकं पुसत होत्या. केसांतून पाणी निथळत होतं.