ब्रेकवरचा पाय

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण यात एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. त्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर बसलेली दोन माणसं आजही इंदापुरात राहतात. कुणीही जाऊन विचारावं.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. बारामती-इंदापूर रस्ता. कारखाने सुरू होते आणि रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या.

मी शाहिद. जळोचीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहा सांगायला उठायचो.

आता उठत नाही.

माझे वडील युनूस. त्यांच्याकडे क्रीम रंगाची जुनी पद्मिनी होती. लग्नाची गाडी म्हणून ती सगळ्या बारामतीला माहीत. लग्न हिंदूंचं असो की आमच्यातलं, नवरी सासरी जायची ती अब्बांच्या पद्मिनीतून. बोनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या काचेला गुलाब, आणि स्टिअरिंगवर इस्त्रीच्या सदऱ्यातले अब्बा. त्यांचा एकच नियम होता.

"नवरी रडत असती रं. गाडीनं तिला धक्का द्यायचा न्हाय."

त्यांनी ब्रेक मारला हे आत बसलेल्याला कळायचंही नाही.

मग अब्बांचं हृदय थकलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. आम्ही समजलो. अब्बाही समजले असावेत, कारण घरी आल्या आल्या त्यांनी माझ्या बहिणीचा, झोयाचा निकाह अलीकडे घ्यायला लावला.

"जन्मभर लोकांच्या लेकी पोचवल्या. माझी एक राहिलीय. तेवढी पोचवतो, मग अल्ला बोलवू दे."

डॉक्टर नको म्हणाले. मी नको म्हणालो. पण अब्बांपुढे कुणाची डाळ शिजली आहे? शेवटी असं ठरलं की झोयाचा नवरा सद्दाम मागे बसेल, आणि अब्बांना त्रास झाला तर तो स्टिअरिंग घेईल.

आणि नेमका ब्रेक गेला.

पायडल दाबलं की थेट खाली. सोपान मिस्त्रीनं गाडी उघडली आणि मान हलवली.

"शाहिदभाई, मास्टर सिलिंडर खाल्लाय गंजानं. किट टाकून भागायचं न्हाय. आख्खा नवा पायजे."

पायडल दाबलं की तेल चारी चाकांकडे ढकलतो तो हा भाग. हाताच्या पंजाएवढा लोखंडाचा तुकडा, पण तो नसेल तर गाडी म्हणजे उतारावरचा दगड. मी म्हटलं, त्यात काय, आणू की.

नाही मिळाला.

पुण्यातल्या जुन्या दुकानांत विचारलं. ते म्हणाले, हे मॉडेल आता कोण वापरतं? ऑनलाइन मागवला, तो दुसऱ्याच मॉडेलचा आला. मुंबईहून एकानं पाठवला, तो लावल्या लावल्या गळायला लागला. फलटण, दौंड, अकलूज, जिथं जिथं भंगाराची दुकानं, तिथं तिथं मी काळे हात घेऊन फिरलो. घरी आलो की अब्बा खाटेवरून फक्त बघायचे. मिळाला का असं तोंडानं विचारायचे नाहीत. ते न विचारणंच मला सहन व्हायचं नाही.

निकाह अगदी तोंडावर आला होता. त्या दुपारी मी इंदापूरला हायवेच्या कडेला, एका भंगारवाल्याच्या दारातल्या दगडावर बसलो होतो. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

"पद्मिनीचा मास्टर सिलिंडर बघताय?"

मान वर केली. समोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. राखाडी सफारी, खिशाला पेन, कंपनीतून रिटायर झालेले साहेब वाटले.

"वालचंदनगरला जावा. आनंदरावांचं क्वार्टर विचारा. मागं शेडात गाडी उभी हाय. विनयाबाईंना म्हणावं, द्या काढून."

मी उठून त्यांचे हातच धरणार होतो. पण माझी नजर खाली गेली...

बोलताना ते उजवा पाय जमिनीवर दाबत होते.

सारखा. दाबायचे, धरायचे, सोडायचे. पुन्हा दाबायचे.

असेल काही दुखणं, असं मी मनाला सांगितलं. गाडीची किल्ली उचलून वळलो, तर दारात कुणी नव्हतं. भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कोण सायब? तुमीच बसलाय की मघापासनं एकटं."

मी थांबलो नाही. मला सिलिंडर हवा होता, साहेब कोण होते ते नको होतं.

वालचंदनगरात कंपनीच्या क्वार्टर्सच्या ओळीतली बरीच घरं बंद होती. आनंदरावांचं घर सापडलं. विनयाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. अब्बांचं, झोयाचं, निकाहचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"कुणी पाठवलं तुमाला?"

मी सफारीवाल्या गृहस्थांचं सांगितलं. विनयाबाईंचा हात ताटात तसाच राहिला.

"पाय दाबत व्हते?"

मी मान डोलावली.

त्यांनी मला मागे नेलं. शेडात निळी पद्मिनी उभी होती. चारी टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, सीटवर उंदरांनी काढलेला कापूस. मी दार उघडून आत वाकलो.

स्टिअरिंगवर धूळ. गिअरवर धूळ. क्लचच्या पायडलवर धूळ...

ब्रेकच्या पायडलवर नव्हती.

त्याचं रबर चकचकीत होतं. रोज वापरातल्या गाडीचं असतं तसं.

"मी पुसत न्हाय," विनयाबाई माझ्या मागून म्हणाल्या. "कुरकुंभच्या घाटात, उतारावर, ह्यांना झटका आला. मी शेजारी, पोरं मागं. ह्यांनी बिरेक दाबला आन् तसेच गेले. गाडी जाग्यावर उभी. चार माणसांनी मिळून पाय उचलला त्यांचा. पण मला न्हाय वाटत तो उचलला गेलाय म्हणून."

शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे खाटेवरून बघणारे अब्बा होते. मी पाने काढले आणि गाडीखाली शिरलो. इतक्या वर्षांचे नटबोल्ट, वाटलं छिन्नी लागेल. पाना लावला न लावला तोच सुटले.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "लेक पोचली की परत आणून द्या."

दुसऱ्या दिवशी सोपाननं घराला लागून असलेल्या माझ्या दुकानातच सिलिंडर बसवला. मग ब्रेकमधली हवा काढायची. हे काम एकट्यानं होत नाही. एकजण सीटवर बसून पायडल मारतो, दुसरा खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवेचा बारीक नट, सैल करून हवा सोडतो. खालचा ओरडतो, दाब, धर, सोड. वरच्यानं तसं करायचं.

सोपान खाली. मी वर.

मधेच सद्दामचा फोन आला. दुकानात गलका होता म्हणून मी उतरून रस्त्यापलीकडे, लिंबाच्या झाडाखाली गेलो. सोपानला सांगितलं, थांब जरा. त्याला ऐकू गेलं नसावं. जेवणाचं, गाड्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. परत आलो तर सोपान हात पुसत बाहेर येत होता.

"झालं चारी चाकांचं. शाहिदभाई, पाय लई भारी हाय तुमचा. असा धरणारा म्या बघितला न्हाय."



"मी तर पलीकडं होतो, सोपान..."

तो हसला. मग माझ्या हातातला फोन बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याचं हसू गेलं.

"मग मी दाब म्हणत हुतो, तवा दाबत कोण हुतं?"

आम्ही दोघांनी गाडीत बघितलं. सीट रिकामी. पण ब्रेकचं पायडल खाली गेलेलं होतं... आणि आमच्या डोळ्यांदेखत ते हळूच वर आलं.

सोपान म्हणाला, काढून टाकू. मी काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला. अब्बा. भिंतीला धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बसू दे त्याला. बिरेक लागतोय नव्हं?"

"अब्बा, अहो..."

"कुणी का आसंना, लेकरं बसल्याली गाडी सोडून गेला न्हाय त्यो. आपल्यातलाच म्हणायचा. हात लावू नका."

विषय संपला.

निकाह दुपारी झाला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर पाठवणी. झोया रडत रडत पद्मिनीत बसली, शेजारी सद्दाम. पुढच्या सीटवर मिठाईची खोकी. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी एवढा टवटवीत बघितला नव्हता. मी मागून दुसऱ्या गाडीत, त्यांच्या ब्रेकच्या लाल दिव्यांवर डोळे लावून.

भवानीनगरला पोचेपर्यंत अब्बा बोलत होते, असं झोया सांगते. तिच्या जन्माचं सांगत होते. जंक्शनला, वालचंदनगरचा फाटा येतो तिथं, ते म्हणाले, "झोया, थोडं थकल्यासारखं वाटतंय गं."

सद्दाम म्हणाला, मी घेतो गाडी.

अब्बा काही बोलले नाहीत.

त्यानंतर ते बोललेच नाहीत.

झोयाला वाटलं, रडत असतील. बापाला रडताना बघू नये म्हणून ती खाली बघत राहिली. गाडी तर नीट चालली होती. उसाची ट्रॉली आली की हळू व्हायची, रस्ता मोकळा झाला की सुटायची. निमगाव केतकीत तिला मळमळलं. ती म्हणाली, "अब्बा, हळू." गाडी लगेच हळू झाली. मागून मला दिसत होतं. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी लाल दिवे लागायचे आणि गाडी त्यावरून पाण्यासारखी उतरायची.

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे.

इंदापुरात दिवस मावळताना, मगरिबची अजान चालू असताना पद्मिनी सद्दामच्या दारात उभी राहिली. एवढासाही धक्का नाही. इंजिन बंद झालं. लोक पुढे आले. झोया उतरली. अब्बा उतरले नाहीत.

मी दार उघडलं.

"अब्बा, पोचलो. उतरा."

त्यांचा हात धरला... तो गार होता.

नुकताच गार झालेला नव्हे. दगडासारखा.

शेजारचे डॉक्टर धावत आले. त्यांनी डोळे बघितले, मान हलवली. "हे आत्ताचं नाही. वाटेतच गेलेत." कुणीतरी चिडून म्हणालं, अहो, गाडी चालवत आलेत ते. 

त्यांना बाहेर काढायला गेलो तर उजवा पाय निघेना. ब्रेकवर घट्ट. मी ओढला, सद्दामनं ओढला. शेवटी चारजणांनी मिळून उचलला.

ब्रेकचं एक वेळ मी समजून घेईन. पण जंक्शनपासून इंदापूरपर्यंत गिअर कुणी बदलले? वळणं कुणी घेतली? झोयाला विचारलं तर ती एवढंच सांगते की अब्बांनी मला पोचवलं. तिला तसंच वाटू दे.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी सिलिंडर काढून फडक्यात बांधला आणि वालचंदनगरला गेलो. शब्द दिला होता. विनयाबाईंनी फडक्याला हातसुद्धा लावला नाही. मला सरळ शेडात घेऊन गेल्या, निळ्या गाडीचं दार उघडलं.

ब्रेकच्या पायडलवर धूळ बसली होती. क्लचवर होती तशीच.

"इतक्या वर्षांनी सुटले ते," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हलका झालेला. "मला आता त्यो सिलिंडर परत नको. तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या."

मी परत आलो. सिलिंडर दुकानात फळीवर ठेवला. आमची पद्मिनी अंगणात झाकून ठेवली आहे, कुणी तिला हात लावत नाही. मधे एकदा ताडपत्री उचलून आत बघितलं. सगळीकडे धूळ.

ब्रेकच्या पायडलवर नव्हती...

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे काल दुपारी आलेला फोन. अनोळखी नंबर. विराज नावाचा मुलगा, फलटणहून बोलत होता. आवाज रडवेला.

"तुमच्याकडे पद्मिनीचा मास्टर सिलिंडर आहे ना? खूप फिरलोय हो. आजोबा आजारी आहेत. त्यांना एकदाच गाडी चालवायची आहे. एकदाच."

मी विचारलं, माझा नंबर कुणी दिला?

"इथे भंगारवाल्याच्या दारात एक चाचा भेटले. इस्त्रीचा सदरा होता. म्हणाले, जळोचीला जा, शाहिदला म्हणावं, दे काढून."

 विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. बोलताना ते पाय...

"हो. सारखा दाबत होते. तुम्ही ओळखता त्यांना?"

तो उद्या येतोय. सिलिंडर फळीवर आहे. द्यावा की कालव्यात फेकून द्यावा, मला सुचत नाही. नाही दिला तर अब्बांचा पाय असाच दाबलेला राहणार. दिला तर त्या आजोबांचं काय होणार, हे मला ठाऊक आहे.

पण काल फोनवर यातलं काही सांगण्याऐवजी मी त्याला एवढंच विचारलं,

"चाचा फार थकल्यासारखे दिसत होते का रे?"