पयलं आणि मंगचं

खंडेनवमीला म्हाताऱ्या मदतनीस रंगरावांनी सगळं गॅरेज आरशासारखं केलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

चिखलीत मेहकर रोडवर उद्धवचं गॅरेज. तिथं दोन विलायती एमजी बी गाड्या उघडून ठेवल्या होत्या. एक चौसष्ट सालची, एक शहात्तरची. पहिलीचे बंपर चकचकीत क्रोमचे, दुसरीचे काळे रबरी. पहिली जमिनीला टेकल्यासारखी, दुसरी दीड इंच उंच. एवढं कुणालाही कळलं असतं. पण आतल्या लहानमोठ्या तुकड्यांतला फरक कळायचा तो उद्धवच्या बायकोनं, गार्गीनं, बांधलेल्या चिठ्ठ्यांवरून. रंगरावांनी त्या सोडल्या, सगळे तुकडे एकाच टबात डिझेलनं धुतले, ओळीत मांडले आणि हळदकुंकू वाहिलं.

"देवापुढं चिठ्ठ्या कायले, वहिनी?"

रविवारी मालक दोन्ही गाड्या न्यायला येणार होता. त्या चालल्या नाहीत, तर चिखलीला पुन्हा कुणी जुनी गाडी पाठवली नसती. मग शटर ओढायचं आणि पुण्याच्या कंपनीत लागायचं, असं उद्धवनं सांगूनच टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी गार्गी कॅटलॉग घेऊन तुकड्यांत बसली. अडीच वर्षांची भार्गवी शेजारी. बाळंतपणातच आई गेलेल्या या पोरीला गार्गीनं पोटच्यासारखं वाढवलं होतं; ती गोष्ट पोरीला कुणी सांगितलेली नव्हती. पत्र्याच्या धारा पाहून गार्गीची नजर तिच्यावरून हलत नव्हती. पोरीनं एक कानी, म्हणजे पत्र्याची छोटी पट्टी, उचलली आणि तुरुतुरु जाऊन डाव्या भिंतीशी ठेवली.

"पयलं."

दुसरी उजव्या भिंतीशी. "मंगचं." म्हणजे नंतरचं.

"भार्गू, हात कापेल!" गार्गीनं धावत जाऊन ती कानी उचलली. गंजाखाली नंबर होता. नखानं खरवडून तिनं कॅटलॉगशी ताडला. शहात्तरची. डाव्या भिंतीची पाहिली. चौसष्टची.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. बी.एस्सी.ला शिकलेलं असं वाया जाऊ द्यायचं नव्हतं. तिनं चार स्प्रिंगांवर पोतं टाकलं. भार्गवीनं पोत्यावरूनच हात ठेवला, कपाळाचा ताप पाहावा तसा.

"पयलं. पयलं. मंगचं. पयलं."

चारही बरोबर. गार्गीनं पोतं काढून नंबर पुन्हा ताडले.

"हिले तू शिकवलं?" उद्धवचा आवाज खाली आला होता.

"मी कशाला शिकवू? मलाच कुठं कळतंय."

"मंग कोणं?"

"बोलू नका बे," रंगरावांनी पोरीपुढं टोपी काढली. "साहेब कामावर हायेत."

उद्धव हसला. गार्गीला हसू आलं नाही. पोर तुकड्यांकडे पाहतच नव्हती.

एकशे बारा तुकडे. एकही चुकला नाही.

रविवारी अकरा वाजता चौसष्टची गाडी पहिल्याच किल्लीला गुरगुरली. पाठोपाठ शहात्तरची. मेहकर रोडवर माणसं थांबली, एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. दोन्ही गाड्या मळीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आल्या, तशी पोरं नाचली.

"उद्धवभाऊ, जितला बे तू!"

मालकानं उद्धवला मिठीच मारली. दिवाळीनंतर आणखी दोन गाड्या पाठवतो म्हणाला. रंगराव पेढे वाटत सुटले आणि ज्याला त्याला सांगू लागले, "चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या!" उद्धवनं गार्गीचा हात सगळ्यांदेखत धरला. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. गार्गी हसत होती, डोळे पुसत होती, परत हसत होती.

गाड्या गेल्या. गॅरेज मोकळं झालं.

भार्गवीचा खेळ चालूच होता. तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पयले."

रंगरावांच्या धोतरावर. "पयले."

"मी तं म्हाताराच हाव, बाई!" दोघं खदखदून हसले.

गार्गीनं वाकून गाल पुढे केला.

हात गालावर बराच वेळ राहिला.

"मंगची."

उद्धवनं रंगरावांकडे पाहिलं.

भार्गवीनं तिचं बोट धरून तिला उजव्या भिंतीशी नेलं, नीट उभं केलं.

मग ती डाव्या भिंतीकडे गेली. तिथं कुणी नव्हतं. तिनं मान वर केली, आणि आईनं उचलून घ्यावं म्हणून करायची, तसे दोन्ही हात वर केले.