घुमणारं कपाट

वल्लरीच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, ते साल २०६१. पाळण्याला बाहेरच्या खोलीत जागा हवी म्हणून माशांची काचेची टाकी आज्जांच्या खोलीत गेली आणि तिथल्या बुटक्या लोखंडी कपाटावर बसली. त्या दिवसापासून टाकीतला पंप गुरगुरू लागला.

आज्जांचं, म्हणजे मुरलीधर सातपुते यांचं, हृदय थकलं होतं. त्यांच्या उशाशी हृदयकान (दुरूनच हृदयाचे ठोके ऐकणारं यंत्र) लावलेला होता. ठोका बिघडला की तो घरच्यांना आणि दवाखान्याला कळवायचा. पण आता त्याला पंपाशिवाय काही ऐकूच येईना. त्याचा लाल दिवा जळतच राहिला.

"रविवारपर्यंत आवाज थांबला नाही, तर टाकी बंद," बाबा म्हणाले. त्या दिवशी गुरुवार होता.

टाकी बंद म्हणजे काय, ते वल्लरीला ठाऊक होतं. पंप पाणी फिरवतो, वरचं पाणी सतत हलतं ठेवतो, म्हणून त्यात हवेतला प्राणवायू मिसळतो. पाणी निजलं की मासे गुदमरतात. तिचे अकरा मासे होते, बोटाच्या पेराएवढे असल्यापासून तिने वाढवलेले.

तिने घरातल्या यंत्रमानवाला विचारलं. त्याला सगळे गडी म्हणत.

"पंप बदला. नवा यायला नऊ दिवस लागतील," गडी म्हणाला.

"मग तू कशाच्या कामाचा?"

"भांडी घासायच्या."

वल्लरीने तेलाची बुधली आणली. आज्जा चाळीस वर्षं इचलकरंजीत जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) होते. करकरलं की तेल, हा त्यांच्या घरचा नियम. दार, पाळण्याची कडी, गड्याचा गुडघासुद्धा त्यातून सुटला नव्हता. तिने बुधलीची चोच टाकीवर धरली.

"थांब पोरी. हात मागं घे," आज्जा खाटेवरून म्हणाले.

"तूच सांगतोस की, करकरलं की तेल."

"ते मागाला. हितं पाण्यावर तेलाची साय धरंल आन् खाली मासं कोंडून मरतील. या पंपाला पाणी हेच तेल. चूक माझी. निम्मंच शिकवलं तुला. आधी ऐकायचं, मग हात लावायचा. काय काय ऐकू येतंय?"

वल्लरीने डोळे मिटले. "गुडगुड. कटकट. आणि खालून एक घूं घूं."

"तीन आवाज. आता एका वेळी एकच काम कर. तीन पेच एकदम फिरवलेस, तर गुण कुठल्या पेचानं आला ते कळत न्हाई."

तिने आधी पाणी पाहिलं. वाफ होऊन ते चार बोटं उतरलं होतं आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढत होता. तिने आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतलं. गुडगुड थांबली.

शुक्रवारी तिने वीज बंद करून प्लग काढला, मगच पाण्यात हात घातला. पंप उघडला, तर आतल्या पात्याला (पाणी ढकलणाऱ्या चाकाला) शेवाळ आणि वाळूचे कण लागलेले. दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने ते घासून काढले. कटकटही गेली.

घूं घूं मात्र राहिली. शनिवार दुपारपर्यंत लाल दिवा तसाच होता. वल्लरी कपाटापाशी बसून डोळे पुसू लागली.

"रडायचं आसंल तर रड, पण कपाटावर हात ठेवून रड," आज्जा म्हणाले.

तिने तळवा टेकवला. हाताला मुंग्या आल्या. "पंपापेक्षा कपाटच जास्त थरथरतंय."

"वाजवून बघ."

कपाट ढोलासारखं वाजलं. बारशाच्या पाहुण्यांसाठी त्यातल्या साऱ्या गोधड्या बाहेर काढल्या होत्या. आत नुसती पोकळी होती.

"आवाज म्हंजे थरथर," आज्जा म्हणाले. "पंप थरथरतो, काचेला टेकलाय म्हणून काच थरथरते, काचेखालचं कपाटही. पोकळ वस्तूला तिच्या मापाची थरथर मिळाली, की ती घुमते."

"अनुनाद," गडी मध्येच म्हणाला.

"हे परवा सांगितलं असतंस तर?"

"विचारलं नव्हतं."

वल्लरीने पंप आणि काचेच्या मध्ये मऊ रबराचा तुकडा बसवला. घुमणं निम्मं झालं. मग कपाटात गोधड्या दाबून भरल्या. थरथर गोधड्यांनी पिऊन टाकली. खोली शांत झाली आणि लाल दिवा हिरवा झाला. मासे पाण्याबरोबर फिरत राहिले.

आता हृदयकानातून आज्जांचे ठोके स्पष्ट येत होते. दर ठोक्यामागे एक बारीक खरखर होती.

"हा आवाज कशाने जाईल?" वल्लरीने हळूच विचारलं.

"आता न्हाई जायचा. माझ्या काळजाला या वयात हात लावायचा न्हाई, म्हणालेत डॉक्टर. तुझ्या वक्ताला लवकर वळखून थांबवता यील. पण ऐकणारं माणूस पाहिजे."

पुढचे पाच महिने त्या ठोक्यांची नोंद अखंड होत राहिली. त्यात पंपाचा आवाज नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती जपून ठेवली आहे. अशी खरखर आणखी लवकर कशी ओळखावी, हे ते त्यावरून शोधत आहेत.

ठोके मंदावल्याचं हृदयकानाने वेळेत कळवलं, म्हणून शेवटी घरचे सगळे जवळ होते. मुरलीधर सातपुते १९ मार्च २०६२ रोजी सकाळी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारले.