गुळाचं पान

"रव्या, हळद लावायलास का पत्रिका सारवायलास?" वर्षाराणी ओरडली.

"तुझ्या रांगोळीपेक्षा बरी हाय!" रवि म्हणाला खरा, पण त्याच्या हातातल्या पत्रिकेचा अख्खा कोपरा पिवळाजर्द झाला होता. कुणी बघायच्या आत त्यानं ती घडी घालून चड्डीच्या खिशात कोंबली.

"मी बघितलं!" चिमुरडी अपेक्षा म्हणाली.

"तुला काय दिसत न्हाई गं?" रविनं आपल्या धाकट्या बहिणीच्या नाकावर हळदीचं बोट टेकवलं.

शिवकांता आत्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं. रवि आणि अपेक्षा नेकनूरहून यष्टीनं आदल्याच दिवशी परळीला आले होते. चुलत बहीण वर्षाराणी तर आजोबांच्या घरातच वाढलेली. सुट्टीत ही तिघं एकत्र आली की आजोबा म्हणायचे, "आता भांड्यांनासुद्धा बोलायला जागा न्हाई!" आजोबा म्हणजे मन्मथप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत होती. आता ती वर्षाराणीचे वडील, म्हणजे संगमेशकाका, सांभाळत होते. काका सध्या पत्रिका वाटत मोटारसायकलवर गावोगाव फिरत होते आणि घरी फक्त जेवण्यापुरते उगवत होते.

परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिवसरात्र धूर ओकायच्या. सकाळी झाडलेल्या अंगणात दुपारपर्यंत राखेचा पातळ थर बसायचा. इथली वीज कुठल्या कुठं जायची आणि परळीत मात्र दिवेलागणीला हमखास अंधार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मोठी माणसं त्या अंधाराला शिव्या घालायची. मुलांना मात्र तो लई आवडायचा. नुकतीच घरोघरी केबल आली होती आणि टीव्ही बंद पडल्याशिवाय मोठी माणसं हाताला लागत नव्हती. वीज गेली की आत्या कंदील लावायची, सतरंजी अंथरायची आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायची. मग 'ताट' सुरू व्हायचं!

ताट म्हणजे त्या घरचा पत्त्यांचा खेळ. दुकानात न मिळणारा. काकांच्या लग्नात पत्रिका जरा जास्तच छापल्या गेल्या होत्या. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा कसा? तेव्हा शाळकरी असलेल्या शिवकांतानं त्या पत्रिका सारख्या कापल्या आणि कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. कुठं गहू, कुठं तूर, कुठं ताक, ठेचा, पापड. चित्राखाली मोठ्या अक्षरात नाव. नियम आजोबांनी केले. प्रत्येकाला पाच पानं वाटायची. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची शेजारच्याकडं सरकवायची. शेजारच्यानं दिलेल्यातलं पुन्हा एक ठेवायचं, उरलेली पुन्हा सरकवायची. शेवटी आपापलं ताट उघडायचं. चुलीवरची आमटी उतू जायच्या आत डाव संपायचा. ठेचा आणि ताक जमलं तरी चार गुण मिळायचे, पण गहू, हरभरा आणि गूळ जमले की पुरणपोळी! तिच्यापुढं बाकी सगळी ताटं फिकी. गहू-हरभऱ्याची दोन-दोन पानं होती. गुळाचं मात्र एकच.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि अपेक्षानं टाळी वाजवली. "गेली! गेली!"

पहिला डाव झाला. ताटं उघडली. गूळ कुणाकडंच नव्हता. दुसऱ्या डावातही तेच. वाटून उरलेल्या पानांतही तो दिसेना!

"गूळ कुणाकडं हाय?" आत्यानं विचारलं.

सगळ्यांनी रविकडं बघितलं. तसं कारणही होतं. मागच्या उन्हाळ्यात यानं गुळाचं पान मांडीखाली दाबून ठेवलं होतं आणि लागोपाठ पुरणपोळ्या लाटल्या होत्या. शेवटी पान घामानं मांडीला चिकटलं आणि चोरी उघडी पडली. शिवाय काल रात्री डबा आवरून पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला होता तोही रविनंच.

"उठ बघू!" वर्षाराणी म्हणाली.

रवि उठला. खाली सतरंजीशिवाय काही नव्हतं.

"खिसे दाव!"

"कावून दावू?" रवि चिडला. खिशात ती बिघडलेली पत्रिका होती ना! "यंदा मी काय केलं न्हाई! शप्पथ!"

"रव्या," आत्या हळूच म्हणाली, "मागच्या साली मी हसले. पण औंदा माझी ही शेवटची सुट्टी हाय ह्या घरातली. निदान औंदा तरी..." तिनं पानं गोळा केली. "आता हा डबा माझ्या पेटीत. गूळ येईस्तोवर ताट बंद!"

रविच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चोरी करून पकडलं गेल्यावरही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"थांब, आत्या!" वर्षाराणीनं डबा धरला. ती जरा शिस्तीची होती. "नेमकी किती पानं गेली, ते तरी बघू."

कंदिलाच्या उजेडात तिनं पानं मांडली. ठेचा होता, ताक होतं, पापड, लोणचं, पिठलं, कढी, सगळं होतं. नव्हता तो गूळ, नव्हती तूर, आणि गहू-हरभऱ्याचं एकेक पान. डब्याच्या तळाशी सुतळीचा एक तुकडा तेवढा पडला होता. आत्यानं तो झटकून टाकला आणि डबा पेटीत गेला.

सकाळी रवि ओसरीवर पाय हलवत बसला होता. अंगावर कालचेच कपडे. काकूनं दोनदा बदलायला सांगूनही हा ढिम्म.

"दादा," अपेक्षा शेजारी येऊन बसली, "तू चोरलं न्हाईस, मला माहीत हाय."

"कसं काय?"

"तू चोरलं असतंस तर गूळच चोरला असतास. तूर कोण चोरतंय? तुला तर वरण आवडत न्हाई!"

रवि उडालाच! "वर्षे! ए वर्षे! इकडं ये!"

वर्षाराणी केस विंचरत आली. रवि घाईघाईनं म्हणाला, "शिजलेलं एकबी पान गेलं न्हाई! पिठलं हाय, कढी हाय. गेलं ते सगळं कच्चं. गहू, तूर, हरभरा, गूळ. हे सगळं एका ठिकाणी कुठं असतं?"

वर्षाराणीचा कंगवा केसांतच राहिला. "आपल्या अडतीत!"

"आणि ती सुतळी?"

"पोत्याची! चला!"

मोंढ्यात ही गर्दी! बैलगाड्या, टेम्पो, हमालांची हाकाटी. आजोबांच्या अडतीपुढं नमुन्याची पोती तोंडं उघडून मांडली होती. गिऱ्हाइकानं मूठभर उचलून बघावं, चावून बघावं आणि मग भाव ठरवावा, अशी तिथली रीत. प्रत्येक पोत्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. आणि तुरीच्या पोत्याला लटकत होतं, आत्यानं काढलेलं तुरीचं पान!

"अगं बया!" वर्षाराणीनं कपाळाला हात लावला. "हे पप्पांचं काम!"

गव्हाचं पान सापडलं, हरभऱ्याचं सापडलं. तिघांनी भराभरा सुतळ्या सोडल्या. वर्षाराणीनं कागद कापून नव्या चिठ्ठ्या बांधल्या. पण गूळ कुठं होता?

"गुळाची चिठ्ठी?" आसाराम हमाल पोतं उतरवत म्हणाला. "ती गेली की! धोंडीरामशेठनं आत्ताच गुळाचा नमुना नेला. गंगाखेडच्या गाडीनं निघालेत. सायकल हाणली तर गावतील!"

दुकानाची सायकल भिंतीला टेकलेलीच होती. रवि सीटवर, अपेक्षा पुढं दांडीवर, वर्षाराणी मागं कॅरियरवर. "सरका! सरका! ब्रेक न्हाई!" असं ओरडत ती तिघं स्टेशनकडं सुटली. ब्रेक होता, पण गर्दी हटवायला त्यासारखी युक्ती नाही. चढ लागला तशी वर्षाराणी उतरून मागून ढकलू लागली.

"कमी खात जा!" रवि धापा टाकत म्हणाला.

"तू नीट चालव!"

स्टेशनात शिरले तेव्हा गाडी उभीच होती. पण कुठल्या डब्यात? अपेक्षानं दोन्ही हात तोंडापाशी नेऊन आरोळी ठोकली, "धोंडीरामशे...ठ! गुळवाले धोंडीरामशे...ठ!"

एका खिडकीतून पांढरी टोपी बाहेर आली. "कोण हाय रे?"

धोंडीरामशेठच्या मांडीवर फडक्यात बांधलेला गुळाचा खडा होता आणि त्याला आत्याच्या हातचं ते पान! पिवळी ढेप, तिच्यावर बसलेली एक माशी. लहानपणी आत्या म्हणायची, चित्रात माशी काढल्याशिवाय गूळ गोड दिसत नाही.

"शेठ, ते पान आमचं हाय! चुकून आलंय!" रवि म्हणाला.

"आँ? चिठ्ठी दिली तर गंगाखेडला गेल्यावर कसं वळखू, गूळ कोणाच्या अडतीचा?" शेठनं मान फिरवली. आवाजही जरा रुसलेलाच. "आणि मन्मथप्पाच्या घरचे का तुमी? लग्न हाय म्हणं तुमच्याकडं. गावभर आवतणं फिरायलीत. इतकी वर्षं माल नेतो, पण आमाला कोण इचारतंय!"

मुलांनी एकमेकांकडं बघितलं. पत्रिका वाटता वाटता काका नेमके धोंडीरामशेठलाच विसरले होते! तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली.

रविचा हात आपोआप खिशात गेला. त्यानं ती चुरगळलेली, कोपराभर पिवळी पत्रिका काढली, मांडीवर सपाट केली आणि दोन्ही हातांनी खिडकीतून पुढं केली. "शेठ, हे आत्याच्या लग्नाचं आवतण. यायलाच पायजे! आणि खाली आमच्या अडतीचं नावबी छापलंय. नमुन्याला हीच बांधा!"

शेठनं पत्रिका उलटसुलट बघितली. "हळद लई लावलीया!"

"तुमच्यासाठी खास!" वर्षाराणी म्हणाली.

"म्हंजे तुमी मला आवतण द्यायला पळत आलाव?"

"न्हाई," अपेक्षा म्हणाली, "आमी पान न्यायला आलो. आवतण आत्ता सुचलं!"

रविनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं! पण शेठ गदगदून हसले. इतके, की टोपी घसरली. "खरं बोलणारी पोर हाय! घे!"

सुतळीची गाठ सुटेना! गाडी हलली. शेठ नखांनी गाठ ओढत होते आणि रवि खिडकीबरोबर चालत, मग पळत होता. "शेठ, लवकर!" शेवटी शेठनं सुतळी सरळ दातात धरली आणि कचकन तोडली. फलाट संपायला आला तेव्हा गुळाचं पान रविच्या हातात पडलं!

"लग्नाला येतो म्हणून सांगा आप्पाला!" शेठ ओरडले.

त्या संध्याकाळी काका परतले ते थेट दरबारातच. आजोबा, काकू, आत्या आणि तीन पोरं वाटच बघत होती. मध्ये चार पानं मांडलेली.

"ही?" काका गोंधळले. "काल सकाळी वीज नव्हती. घाईत चिठ्ठ्या शोधत हुतो. पत्रिकांवरच डबा हुता. बघतो तर तयार चिठ्ठ्या! मला वाटलं, पोरांनी दुकानासाठीच करून ठेवल्यात. म्हणलं, गुणाची पोरं हायत!"

"आणि ठेचा, ताक? त्या चिठ्ठ्या बघून काय वाटलं न्हाई?" वर्षाराणीनं विचारलं.

"मला पायजे त्या घेतल्या. ताकाचं पोतं कुठं असतंय का?"

काकूनं पान उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. "आणि हे काय हाय? स्वतःच्या लग्नाची पत्रिका वळखली न्हाई व्हय?"

आजोबा असे हसले की त्यांना ठसका लागला. काकांनी दोन्ही कान धरले. धोंडीरामशेठची हकीकत ऐकल्यावर मात्र आजोबा गंभीर झाले. "संगमेश, जुना माणूस रुसला असता तर पुन्हा जोडला नसता. तुझी चूक ह्या पोरांनी निस्तरली. शाब्बास रे!"

आत्या रविजवळ आली आणि तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. "मी उगं आळ घेतला रे तुझ्यावर."

"मागच्या सालची उधारी फिटली," रवि पुटपुटला.

वीज गेली. डबा निघाला. शिक्षा म्हणून काकांनाही सतरंजीवर बसवलं. आता चारी पानांना सुतळीची भोकं पडली होती, पण गुळाच्या पानाचं भोक ओढाताणीत फाटून मोठं झालं होतं, त्यामुळं ते कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनही सगळ्यांना दिसायचं. "न दिसल्यासारखं करायचं!" असा नवा नियम आजोबांनी तिथल्या तिथं केला.

पानं फिरू लागली. एक ठेव, बाकीची सरकव. रविनं गहू ठेवला. मग हरभरा ठेवला. आणि काकूनं सरकवलेल्या पानांत फाटक्या भोकाचं पान आलं! बोटाला ते आधीच कळलं. पिवळी ढेप आणि तिच्यावरची माशी. रविनं एकदा पानाकडं बघितलं, एकदा शेजारी बसलेल्या आत्याकडं. कंदिलाच्या उजेडात तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या चमकत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या जागेवर कोण बसेल, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं लोणचं ठेवलं आणि बाकीची पानं आत्याकडं सरकवली. उरलेल्या फेऱ्या झाल्या.

ताटं उघडली. आत्याचं ताट बघून अपेक्षा किंचाळली, "पुरणपोळी!" मग सगळ्यांची नजर रविच्या ताटाकडं गेली. गहू, हरभरा आणि वर लोणचं! एवढं वेडं ताट आजवर कुणी मांडलं नव्हतं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"पान हुडकून आणलंस, ते चांगलंच केलंस," आजोबा म्हणाले. "पण हातात आलेला गूळ पुढं सरकवलास. लई मोठा झालास रे, बाळा!"

इतक्यात भपकन दिवे लागले. शेजारच्या घरातला टीव्ही कोकलू लागला. सगळे डोळे किलकिले करत एकमेकांकडं बघत राहिले. उठावंसं कुणालाच वाटेना. शेवटी आजोबाच गुडघ्यांवर हात टेकून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी खटकन बटण बंद केलं.

"वाटा रे पानं," ते अंधारात म्हणाले. "आपल्याकडची वीज आजून आली न्हाई."